पुल स्टेशन नेमकं कुठे बसवायचं? दार, अंतर, उंची आणि भिंत

फायर अलार्मच्या कामात सगळं डोकं डिटेक्टरवर खर्च होतं. दोन स्मोक डिटेक्टरमधलं अंतर, छताची उंची, बीमची खोली, एसीच्या हवेचा झोत, या सगळ्याची गणितं मांडली जातात. पुल स्टेशन, म्हणजे आग दिसल्यावर हँडल खेचून हाताने अलार्म वाजवायचा भिंतीवरचा डबा, उरतं शेवटी. मग जिथे कन्ड्युट, म्हणजे वायरची नळी, जवळ पडतो तिथे लाल डबा ठोकला जातो. तो कधी दाराच्या पानामागे जातो, कधी नोटीस बोर्डाच्या आड, तर कधी लिफ्टच्या बटणाशेजारी ऐटीत बसतो.

जागा ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: आग पाहिलेला माणूस बाहेर पळताना कुठून जाणार? स्टेशन त्याच वाटेवर हवं. हँडल खेचण्यासाठी त्याला मागे फिरावं लागू नये, वाकडी वाट करावी लागू नये, शोधावं लागू नये. पुढचे सगळे आकडे याच एका गोष्टीतून निघाले आहेत. हे लक्षात असलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

जागा चुकल्यावर काय होतं याचं मोठं उदाहरण शिकागोचं. १ डिसेंबर १९५८ रोजी तिथल्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत आग लागली आणि ९२ मुलं व ३ शिक्षिका नन्स मृत्युमुखी पडल्या. आग उत्तरेकडच्या भागात होती. अख्ख्या शाळेत अलार्मचे स्विच दोनच, आणि दोन्ही दक्षिणेकडच्या भागात. शिवाय ती घंटा शाळेतच वाजायची, अग्निशमन दलापर्यंत जात नव्हती. इतके मृत्यू होण्यामागे उघडा जिना, जळाऊ बांधकाम, स्प्रिंकलर नसणं अशी बरीच कारणं होती. तरी जिथे आग तिथे अलार्म वाजवायची सोयच नाही, ही मांडणीतली चूक आजही नकाशांवर दिसते.

आधी हे ठरवा: कोणता कोड आणि किती स्टेशनं

खाली खेचायचं हँडल असलेलं पुल स्टेशन ही मूळची अमेरिकन पद्धत. म्हणून या लेखातले आकडे प्रामुख्याने तिथल्या एनएफपीए ७२ या फायर अलार्मच्या कोडातले आणि इंटरनॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे आयबीसी, यातले आहेत. काच दाबायच्या कॉल पॉइंटची परंपरा असलेल्या देशांत आकडे बदलतात. ब्रिटनच्या बीएस ५८३९ या फायर अलार्मच्या मानकात जवळच्या कॉल पॉइंटपर्यंतचं चालण्याचं अंतर साधारणपणे ४५ मीटरपर्यंत चालतं, आणि हालचाल मर्यादित असलेली माणसं जास्त असतील किंवा आग झपाट्याने वाढण्याजोगी असेल तर ते २५ मीटरवर येतं. तुमच्या इमारतीला जो कोड लागू असेल त्याचा आकडा घ्या. जागा शोधण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. एनएफपीए ७२ स्टेशन कसं आणि कुठे बसवायचं ते सांगतो. इमारतीत ते हवंच का, हे बिल्डिंग कोड ठरवतो. आयबीसीप्रमाणे बऱ्याच प्रकारच्या वापरांत, पूर्ण इमारतीला स्प्रिंकलर असतील आणि पाणी वाहू लागताच आतल्या लोकांना अलार्म ऐकू जात असेल, तर दारोदारच्या स्टेशनांतून सूट मिळते. ही सूट पाहून काही जण स्टेशनं पूर्णच काढून टाकतात, आणि तिथेच फसतात. यंत्रणा ऑटोमॅटिक डिटेक्टरवर किंवा स्प्रिंकलरमधलं पाणी वाहू लागताच अलार्म देणाऱ्या फ्लो स्विचवर चालणारी असली तरी निदान एक स्टेशन ठेवावंच लागतं. कारण साधं आहे. स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी बंद असेल त्या दिवशी माणसाच्या हातात काहीतरी हवं. या एका स्टेशनची जागा स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यायची असते. माझं मत विचाराल तर ते चोवीस तास माणूस असतो अशा ठिकाणी, स्वागतकक्षाजवळ किंवा मुख्य दाराशी द्यावं. कुलूपबंद इलेक्ट्रिकल रूममध्ये पॅनेलच्या, म्हणजे अलार्मच्या मुख्य नियंत्रण पेटीच्या, बाजूला दिलेलं स्टेशन कागदावर मोजलं जातं, कामाला येत नाही.

नकाशावर बाहेर जाण्याची दारं रंगवा

नकाशाची प्रिंट घ्या आणि हायलायटरने एक्झिटची दारं रंगवा. यात काय येतं? प्रत्येक मजल्यावरून बंदिस्त जिन्यात जाणारं दार. तळमजल्यावर थेट उघड्यावर नेणारं दार. आणि आडवं एक्झिट, म्हणजे आगरोधक भिंतीतून त्याच मजल्याच्या दुसऱ्या सुरक्षित भागात नेणारं दार. हे तिसरं दार सर्रास विसरलं जातं. दोन्ही भागांतली माणसं एकमेकांच्या बाजूला पळू शकत असतील तर स्टेशनही दोन्ही बाजूंना लागतं, एका बाजूला देऊन भागत नाही.

लिफ्ट लॉबी यात येत नाही. आगीत लिफ्ट वापरायची नसते, त्यामुळे लिफ्टचं दार हे एक्झिट नाही. तिथे जादा स्टेशन द्यायला हरकत नाही, पण ते जिन्याच्या दारावरच्या स्टेशनऐवजी धरता येत नाही. कॉरिडॉरमधली धूर अडवणारी मधली दारंही साधारणपणे या यादीत नसतात.

आता मुख्य नियम. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक एक्झिटच्या दारापासून १.५ मीटरच्या आत एक स्टेशन. मोजायचं चौकटीच्या कडेपासून. जिन्याच्या बाबतीत स्टेशन मजल्याच्या बाजूला द्यायचं, जिन्याच्या आत लँडिंगवर नाही. जिन्यात शिरलेला माणूस खाली उतरण्याच्या घाईत असतो आणि वरच्या मजल्यांवरची गर्दीही तिथूनच येत असते. शिवाय चौथ्या मजल्यावर आग पाहून आलेल्या माणसाने जिन्यातलं, त्यातही तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवरचं हँडल खेचलं, तर पॅनेल तिसरा मजला दाखवणार आणि दलाचे जवान चुकीच्या मजल्यावर उतरणार.

सभागृह किंवा मॉलच्या दर्शनी भागात दारांची रांगच असते. अशा एकत्रित दारांची रुंदी १२.२ मीटरपेक्षा जास्त भरली तर रांगेच्या दोन्ही टोकांना, प्रत्येकी १.५ मीटरच्या आत, स्टेशन द्यावं लागतं. १.८ मीटर रुंदीचे आठ दुहेरी दरवाजे ओळीने असतील तर नुसत्या दारांचेच १४.४ मीटर होतात. डाव्या टोकाचं स्टेशन गाठायला उजव्या टोकाच्या माणसाला बाहेर पडणाऱ्या गर्दीला आडवं कापत जावं लागेल. तसं कोणी जात नाही.

पायांनी मोजा

दुसरा नियम अंतराचा. मजल्यावरच्या कुठल्याही जागेपासून त्याच मजल्यावरच्या जवळच्या स्टेशनपर्यंत ६१ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. मूळ कोडात हा आकडा २०० फूट असा आहे. ‘त्याच मजल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे. वरच्या मजल्यावरचं स्टेशन जिन्याने जवळ पडतं, हा युक्तिवाद चालत नाही.

हे अंतर प्रत्यक्ष चालण्याच्या वाटेचं आहे. नकाशावर कंपास ठेवून ६१ मीटर त्रिज्येची वर्तुळं काढणं ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत फसवी पद्धत. एक गोदाम घ्या. मधोमध ८० मीटर लांबीची सलग रॅक आहे, मध्ये कुठेही वाट नाही. रॅकच्या मध्यावर एका बाजूला कामगार उभा आहे आणि बरोबर समोर, रॅकपलीकडे, ८ मीटरवर स्टेशन आहे. कंपास म्हणेल ८ मीटर. कामगाराला मात्र ४० मीटर जाऊन रॅकला वळसा घालायचा, पलीकडे यायचं आणि पुन्हा ४० मीटर मागे यायचं. झाले ८८ मीटर. नियम मोडला, आणि नकाशावर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

लांबट ऑफिसचं उलट असतं. ९० मीटर लांब मजला, मधून कॉरिडॉर, दोन्ही टोकांना जिने. मधल्या खोलीतून कॉरिडॉरमध्ये यायला समजा ८ मीटर आणि तिथून कुठल्याही टोकाला ४५ मीटर. एकूण ५३. दोन स्टेशनांत मजला भागला. ‘सुरक्षित राहावं’ म्हणून मध्ये तिसरं बसवलं जातं. त्याने नियम मोडत नाही, पण तपासायचं, सांभाळायचं आणि खोडसाळपणे खेचलं जाण्याचं एक ठिकाण वाढतं.

मग जादा स्टेशनांची गरज नेमकी कुठे पडते? जिथे एक्झिटच लांब असतात तिथे. आयबीसीप्रमाणे स्प्रिंकलर नसलेल्या ऑफिसात एक्झिटपर्यंतची कमाल वाट २०० फूटच आहे, म्हणजे दारांवरच्या स्टेशनांनी अंतराचा नियम आपोआप पाळला जातो. स्प्रिंकलर असले की तीच वाट ३०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ९१ मीटरपर्यंत लांबू शकते. अशा मोठ्या मजल्यांवर, कारखान्यांत आणि गोदामांत मधल्या खांबांवर स्टेशनं द्यावी लागू शकतात. आयबीसीत स्प्रिंकलर असलेल्या इमारतींना या जादा स्टेशनांतून सूट आहे. म्हणून दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचा आणि शंका असेल तर अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

नकाशावरचं गणित झालं की मोजणीचं चाक घेऊन एकदा प्रत्यक्ष चाला, आणि तेही फर्निचर लागल्यावर. क्युबिकलच्या भिंती, काउंटर, कन्व्हेयर बेल्ट यांनी वाट किती लांबते ते तेव्हाच कळतं.

उंची: पंधरा सेंटीमीटरची फट

हँडलची उंची तयार फरशीपासून १.०७ मीटरपेक्षा कमी नको आणि १.२२ मीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे ४२ ते ४८ इंच. हातात जागा फक्त १५ सेंटीमीटरची आहे आणि मोजमाप डब्याच्या मध्याचं किंवा तळाचं नसून हाताने चालवायच्या भागाचं आहे. स्टेशनच्या मॉडेलप्रमाणे हँडल डब्याच्या वरच्या भागात असतं किंवा खालच्या. म्हणून बॅक बॉक्स, म्हणजे स्टेशनमागची वायरची पेटी, भिंतीत बसवण्याआधी स्टेशन हातात घेऊन बॉक्सच्या मध्यापासून हँडल किती वरखाली आहे ते मोजून घ्या.

खरी गडबड फरशीमुळे होते. भिंतीत बॉक्स बसवतात तेव्हा खाली नुसता स्लॅब असतो. स्लॅबपासून १.१० मीटर मोजून हँडलची उंची ठरवली आणि नंतर मसाला व टाइल मिळून ७५ मिलिमीटर चढले, तर उरले १.०२५ मीटर. किमान उंचीच्या खाली गेलं, आणि आता भिंत फोडायची. सर्व्हर रूमच्या उचललेल्या फरशीत हा फरक याहून कितीतरी मोठा असतो. आर्किटेक्टकडून तयार फरशीची लेव्हल घ्या, भिंतीवर एक मीटरची रेघ मारून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेपासून काढा. मी मधला आकडा, १.१५ मीटर, धरतो. मग टाइल थोडी जाड निघाली तरी फरक पचतो.

व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात पोहोचणं हा या वरच्या मर्यादेमागचा एक मोठा विचार आहे. अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांच्या सोयीसाठीच्या कायद्याच्या, मानकांत बसल्या जागेवरून हात पोहोचण्याची कमाल उंची १.२२ मीटरच आहे. त्याच मानकांत स्टेशनसमोर ७६० बाय १२२० मिलिमीटरची मोकळी जागा मागितली आहे. चालवायला लागणारा जोर २२.२ न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण सव्वादोन किलोच्या ओढीपेक्षा जास्त नको, आणि एका हाताने, मनगट न पिळता ते चाललं पाहिजे. स्टेशनखाली काउंटर असेल आणि त्यावरून समोर हात लांबवावा लागत असेल तर काउंटरच्या खोलीप्रमाणे कमाल उंची १.१२ मीटरपर्यंत खाली येऊ शकते. म्हणजे १५ सेंटीमीटरची फट ५ वर आली. अशी जागा टाळलेलीच बरी.

भिंत निवडताना

दाराजवळ १.५ मीटरच्या आत म्हणजे कुठेही नाही. कडीची बाजू निवडा, बिजागरीची नको. गर्दीची एक्झिट दारं सहसा पळण्याच्या दिशेने, बाहेर उघडतात, त्यामुळे आतल्या भिंतीवर पानाचा त्रास नसतो. घोटाळा होतो तो आत उघडणाऱ्या लहान दारांशी आणि आडव्या एक्झिटशी. एक मीटर रुंदीचं पान पूर्ण उघडून भिंतीला टेकलं की बिजागरीच्या बाजूची एक मीटर भिंत झाकली जाते. त्यातून दार चुंबकाने दिवसभर उघडं धरून ठेवलेलं असेल तर स्टेशन दिवसभर पानामागे लपलेलं राहतं. अलार्म वाजून चुंबक सुटल्यावर दार बंद होतं आणि मग स्टेशन दिसतं!

स्टेशनचा रंग लाल आणि मागच्या भिंतीचा रंग त्याहून उठून वेगळा, हीही कोडातलीच अट आहे. लाल विटांची उघडी भिंत किंवा गडद तांबूस लाकडी पॅनेलिंग असेल तर मागे पांढरी पाटी लावून घ्या. रंगाऱ्याने भिंतीबरोबर स्टेशनही रंगवून टाकलं असेल तर ते बदलायचं, खरवडायचं नाही.

काचेच्या भिंतींच्या इमारतीत दाराजवळ भिंतच नसते. तिथे दाराच्या खांबावर किंवा स्वतंत्र उभ्या पोस्टवर स्टेशन देता येतं, पण त्याचा कन्ड्युट फरशीत आधीच टाकलेला हवा. हे काच बसल्यावर सुचून उपयोग नाही. भिंतीबाहेर येणाऱ्या डब्याचंही भान ठेवा. एडीएप्रमाणे ६८५ ते २०३० मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यात येण्याजाण्याच्या वाटेवर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे काही येऊ नये. नुसतं स्टेशन यात सहज बसतं. सरफेस बॉक्स आणि त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर लावलं की माप पुन्हा घ्या.

कोणतं स्टेशन, कुठे कव्हर

एका क्रियेचं स्टेशन नुसतं खेचलं की चालतं. दोन क्रियांच्या स्टेशनात आधी झडप दाबायची किंवा उचलायची आणि मग खेचायचं. चुकून हात, ट्रॉली किंवा बॅग लागून अलार्म वाजणाऱ्या जागी दोन क्रियांचं घ्या. शाळा, वसतिगृह, व्यायामशाळा अशा खोडसाळपणाच्या ठिकाणी उचलताच जागेवर भोंगा वाजणारं पारदर्शक कव्हर चांगलं काम करतं. भोंगा वाजला की खोडी काढणारा पळतो, खरी आग पाहिलेला थांबून खेचतो. कव्हर मान्यताप्राप्त असलं पाहिजे. घरगुती अॅक्रिलिकची पेटी आणि तिला स्क्रू, असला प्रकार नको. आणि कव्हर लावायचं म्हणून दोन क्रियांच्या स्टेशनावर तिसरी क्रिया चढवताना दोनदा विचार करा.

उघड्यावर पावसापाण्याला टिकणारं, ज्वालाग्राही वाफांच्या जागी स्फोटरोधक मान्यतेचं स्टेशन लागतं. यावर तडजोड नाही.

शेजारी दुसरं काही खेचायचं किंवा दाबायचं उपकरण नको. सर्व्हर रूममध्ये आग विझवणारा गॅस सोडणारं स्टेशन, दार उघडण्याचं आपत्कालीन बटण आणि फायर अलार्म अशी तीन उपकरणं एका ओळीत लावलेली असतात. घाबरलेला माणूस त्यातलं पहिलं खेचतो. त्यांच्यात अंतर ठेवा, रंग वेगळे ठेवा, मोठ्या अक्षरांत लिहा.

हॉटेलच्या भटारखान्यातलं हुडचं, म्हणजे शेगडीवरच्या धुराड्याचं, पुल स्टेशन हे वेगळं प्रकरण. ते शेगडीवर रसायन सोडतं, आणि ते हुडपासून ३ मीटरपेक्षा जवळ नको व ६ मीटरपेक्षा लांब नको, बाहेर जाण्याच्या वाटेवर हवं. उंची तीच, ४२ ते ४८ इंच. पेटलेल्या कढईवरून हात घालून खेचावं लागेल अशा जागी ते बसवलेलं दिसलं तर काम तिथेच थांबवा.

काही इमारतींना दाराचा नियम जसाच्या तसा लागू करत नाहीत. रुग्णालयाच्या झोपण्याच्या विभागांत, परिचारिकांच्या टेबलासारख्या सतत माणूस असलेल्या जागी पुल स्टेशनं दिसतील आणि हाताशी असतील अशी ठेवली, आणि अंतराची मर्यादा पाळली, तर एक्झिटच्या दारावर देण्याची सक्ती नसते. तुरुंगात ती थेट देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या जागी ठेवता येतात.

वायर, पत्ता आणि चाचणी

साध्या झोनच्या यंत्रणेत, म्हणजे जिथे पॅनेलला फक्त विभाग कळतो तिथे, वायर एका स्टेशनातून पुढच्यात अशी ओळीने न्यावी. मध्येच फाटा काढला तर त्या फाट्यावरची तुटलेली वायर पॅनेलला कळत नाही. वायर शाबूत आहे का हे पॅनेलला कळवणारा शेवटचा रेझिस्टर शेवटच्या उपकरणावर लावायचा, पॅनेलच्या आत नाही. पत्ता देता येणाऱ्या, म्हणजे प्रत्येक उपकरण वेगळं ओळखणाऱ्या, यंत्रणेत प्रत्येक स्टेशनच्या नावात मजला, दिशा आणि दार तिन्ही यावं: ‘मजला ३, पूर्व जिना’. ‘एमसीपी ०१७’ वाचून रात्री दोन वाजता कोणालाही काही कळत नाही.

यंत्रणा दलाशी किंवा निरीक्षण केंद्राशी, म्हणजे बाहेरून अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राशी, जोडलेली नसेल तर स्टेशनजवळ ‘अलार्म वाजताच अग्निशमन दलाला फोन करा’ अशी पाटी आयबीसी मागतो. नंबरही लिहा.

एनएफपीए ७२ प्रमाणे दर सहा महिन्यांनी नजरेने पाहणी आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष खेचून चाचणी करायची. ब्रिटनमध्ये दर आठवड्याला एक, आणि दर वेळी वेगळा कॉल पॉइंट तपासतात. मला ती सवय जास्त आवडते, कारण त्या निमित्ताने कोणीतरी दर आठवड्याला एका दारापर्यंत चालत जातो आणि पुढ्यात ठेवलेली खोकी त्याला दिसतात. चाचणीआधी निरीक्षण केंद्राला कळवा, आणि गॅस सोडणं, लिफ्ट खाली आणणं अशा जोडलेल्या क्रिया रीतसर बंद ठेवा. मग हँडल खेचा, पॅनेलवर आलेलं नाव मोठ्याने वाचून घ्या, किल्लीने स्टेशन पूर्ववत करा आणि त्यानंतरच पॅनेल रीसेट करा. उलटं केलं तर अलार्म पुन्हा येतो. बंद केलेल्या क्रिया परत सुरू केल्याची नोंद वहीत सहीसकट हवी.

आतल्या भिंती हलल्या की अंतराची मोजणी नव्याने करा. भाडेकरू बदलतो, नवं पार्टिशन येतं आणि काल ४० मीटर असलेली वाट आज ७० होते. एखादं एक्झिटचं दार कायमचं बंद झालं तर त्याच्या शेजारचं स्टेशनही काढून घ्या, कारण ते लोकांना बंद दाराकडे ओढतं. काढल्यावर भिंतीवरचा रिकामा बॉक्स झाका, वरची पाटी उतरवा, पॅनेलमधलं त्याचं नाव पुसा आणि दलाला दिलेल्या नकाशावरही ते खोडा.